हाश्मी सरांची झडती

हाश्मी सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "तुम्हाला इथं कुणी पाठवलं?"

मी बीडहून बदली होऊन औरंगाबादच्या शाळेत मराठी शिकवायला आले होते. हेडमास्तरांनी रुजू करून घेतलं आणि शिक्षकांच्या खोलीकडे बोट दाखवलं. खोलीत एकच गृहस्थ होते. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दार आणि दोन्ही खिडक्या एकदम नजरेत राहतील अशा बेतानं बसलेले. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, आणि माणसाकडे चष्म्याच्या वरून बघायची सवय.

"शिक्षण खात्यानं," मी म्हटलं.

"ते कागदावर झालं. खरं कुणी?"

मला राग आला. आता संशय मला काही नवा नव्हता. आमच्या बीडकडे गवळ्याला 'दुधात पाणी किती' असं विचारत नाहीत, 'पाण्यात दूध किती घातलंस' असं विचारतात. पण मी स्वतः कधी गवळ्याच्या जागी उभी राहिले नव्हते. म्हटलं, "माझ्या नशिबानं पाठवलं. आता बसू का?"

मी खुर्ची ओढली तर ते म्हणाले, "ही नको. हिचा मागचा पाय ढिला आहे. ती घ्या." मी ती खुर्ची मुद्दाम हलवून पाहिली. पाय खरंच ढिला होता. माझी ही तपासणी त्यांनी पाहिली आणि मान डोलावली. त्या दिवसापासून आमचं बरं जमलं, असं म्हणायला हरकत नाही.

बाकीच्यांचं त्यांच्याशी जमत नसे. आठवड्याच्या आत दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, जरा जपून. पोलिस ॲक्शननंतर आत होते ते. घरात तलवार सापडली होती. रक्ताची." हे 'रक्ताची' म्हणताना प्रत्येकाचा आवाज खाली यायचा. वीसेक वर्षं होऊन गेली होती, तरी यायचा. मुलं तर त्यांच्या पाठीमागं सरळ 'रझाकार मास्तर' म्हणत. मी विचारलं, शिक्षा झाली होती का? तर म्हणे, नाही, काही महिन्यांनी सोडून दिलं, पुरावा मिळाला नाही. पण आग असल्याशिवाय धूर निघतो का?

माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला सांगू. त्यांच्याशेजारी बसताना काही दिवस मी त्यांच्या हातांकडे बघत असे. लांब, हडकुळे, खडूनं पांढरे झालेले हात.

निजामाच्या काळात हाश्मी सर या शाळेत इंग्रजीचे मुख्य शिक्षक होते. सुटून आल्यावर काही वर्षं त्यांना कुणी उभं केलं नाही. मग शाळेनं परत घेतलं, पण अगदी खालच्या पायरीवर, नवख्या मास्तरासारखं. त्यांच्याच बरोबरीचे, एकेकाळी त्यांच्या सायकलवर डबलसीट येणारे जिंतूरकर सर आता पर्यवेक्षक होते आणि हाश्मी सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसून शेरे लिहीत. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. कामापलीकडे एक शब्द बोलत नसत.

सरांच्या संशयाला मोसम नव्हता. बाजारात मेथीची जुडी घेतली तर ती सोडून आतली पानं बघत, कारण वरची पानं दाखवायची असतात. नमाजला गेले की जोडे कुठं काढले हे दोनदा वळून बघत. शाळेत कुणी पेढे वाटले की आधी कारण विचारत, मग घेत. आणि घेतलेला पेढा खिशात ठेवून घरी नेत, तो तिथं मांजराला मिळत असावा असा माझा तर्क. हेडमास्तरांनी एकदा वर्गात येऊन त्यांच्या शिकवण्याची तोंडभर स्तुती केली, तर दिवसभर सर अस्वस्थ. "काय हवंय यांना?" असं मलाच तीनदा विचारलं.

पण त्यांचा खरा संशय होता शब्दांवर. नवा इंग्रजी शब्द वर्गात आला की त्याचा अर्थ लगेच सांगत नसत. म्हणत, "थांबा. आधी झडती." मग तो शब्द फळ्यावर लिहून त्याला चहूबाजूंनी प्रश्न. कुठून आलास? तुझे आईबाप कोण? आधी काय धंदा करत होतास? आता इथं कशासाठी आलास? मुलांना हा खेळ फार आवडायचा. मुलं ज्यांना मागं रझाकार म्हणत त्यांच्याच तासाला जागा धरून बसत, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. सर एका डिक्शनरीवर विश्वास ठेवत नसत, दोन घेऊन येत आणि एकीची जबानी दुसरीशी ताडून बघत. "एका साक्षीदारावर फाशी देत नसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

'री'नं सुरू होणाऱ्या शब्दांची झडती सगळ्यात कडक. रिपेअर, रिस्टोअर, रिफॉर्म, रिबिल्ड. "हे सगळे शब्द गोड चेहऱ्याचे," ते सांगत. "पुन्हा बांधू, पुन्हा उभारू, पुन्हा बसवू. ऐकायला छान. पण 'पुन्हा' म्हटलं म्हणजे आधी काहीतरी मोडलं. मोडलं कुणी, ते हा शब्द सांगत नाही. तुम्ही विचारायचं." मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत असताना भिंतीपलीकडून तीस-चाळीस मुलांचा एकदम आवाज यायचा, "मोडलं कुणी?" आणि माझी मुलं फिदीफिदी हसायची.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच वर्षी पाहिली. दसऱ्यानंतर शाळा उघडली की जिंतूरकर सर सगळ्यांना आपट्याची पानं देत. हाश्मी सर यायच्या आत त्यांच्या टेबलावरही दोन पानं ठेवत. हाश्मी सर येत, पानं बघत, फूटपट्टी काढत आणि तिनं ती पानं टेबलाच्या कडेवरून खाली ढकलत. हातानं शिवत नसत. मग शिपाई बिराजी केर काढताना ती उचलून नेई. जिंतूरकर सर तेव्हा काहीतरी वाचत असत, निदान डोळे तरी कागदावर असत. पुढच्या वर्षी पुन्हा दोन पानं. मला वाटलं, आपला धर्म नाही म्हणून सर शिवत नसतील. पण मीही पानं दिली होती, ती मात्र त्यांनी कपाळाला लावून खिशात ठेवली होती. तेव्हापासून मला या दोघांत काय आहे ते शोधायचा नाद लागला.

बिराजी आमचा शिपाई, जातीनं धनगर. त्याचं गाव पैठणच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. तिकडं धरणाचं काम चालू होतं आणि गाव पाण्याखाली जाणार हे ठरलं होतं. एका दुपारी तो चहाची किटली घेऊन आला आणि थेट हाश्मी सरांपुढं उभा राहिला.

"सर, गावात साहेब लोक आलते. ते सारखं एक इंग्रजी बोलत व्हते. रिहॅबिलिटेशन. ते कशाशी खात्यात?"

"पुनर्वसन," मी मधेच बोलले. मराठीची शिक्षिका ना.

"थांबा, बाई," हाश्मी सर म्हणाले. "आधी झडती."

त्यांनी दोन्ही डिक्शनऱ्या उघडल्या. खोलीत पाचसहा जण होतो. जिंतूरकर सर पलीकडे उत्तरपत्रिका तपासत होते.

"हा शब्द मूळचा लॅटिन," सर सांगू लागले. "हाबिलिस म्हणजे हातात नीट बसणारं, कामाला लायक. इंग्रजीतला 'एबल' त्याच घरातला. त्याच्या आधी 'री' लावलं. पुन्हा लायक करणं. आता बघ बिराजी, लोकांना वाटतं या शब्दात घर आहे, वस्ती आहे. नव्हतं. घर लई उशिरा शिरलं त्यात. आधी यात होता माणूस. कुणाचा दर्जा काढून घेतला, कुणाला बदनाम केलं, पदावरून हाकललं, आणि पुढं कळलं की चूक झाली. मग राजा किंवा धर्मपीठ पुन्हा हुकूम काढायचं. चारचौघांत वाचून दाखवायचं की या माणसाला त्याची जागा, त्याचं नाव परत दिलं आहे. ते रिहॅबिलिटेशन. पुढं मोडकी घरं दुरुस्त करायला हाच शब्द वापरला. मग कैद्यांना, आजाऱ्यांना, आणि शेवटी उठवलेल्या गावांना. आपल्या मराठीत येताना मात्र फक्त वसणं आलं. नाव परत देणं तिकडंच राहिलं."

बिराजी डोकं खाजवत होता. "मंग आमची काय इज्जत गेली व्हय, सर? आमचं तर गाव चाललंय."

"नव्या जागी तू कुणाचा नातू, हे कोण ओळखणार?"

"ते बी खरं," बिराजी म्हणाला. "पर इज्जतीवर मेंढरं चरत नसत्यात. चराईला रान देणार हायेत का नाय, तेवढं त्या शब्दात बघा की."

सगळे हसले. हाश्मी सरही हसले, पुस्तकं मिटली आणि म्हणाले, "रान नाही दिसत बाबा यात. ते त्यांना विचार. लेखी विचार."

मग त्यांचं हसू गेलं. कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "एक मात्र आहे. ज्यानं घेतलं, त्यानंच परत द्यायचं असतं. आणि मोठ्यानं. दुसऱ्या कुणी दिलं तर ती खैरात होते."

जिंतूरकर सरांची लाल पेन्सिल थांबली होती. तपासायला घेतलेल्या पेपरावर ती तशीच टेकून राहिली आणि मग ते उठून बाहेर गेले. चहा तसाच राहिला.

मला राहवेना. पुढच्या रविवारी मी उस्मानपुऱ्यात हाश्मी सरांच्या घरी गेले. निमित्त होतं भाभींकडून लोणच्याची कृती घेण्याचं. भाभी म्हणजे त्यांच्या बेगम, सरांच्या निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट आवाजाच्या. सर बाहेर गेले होते. लोणच्याची कृती दोन मिनिटांत संपली. मी पानांचा विषय काढला आणि भाभींनी पदर सावरून मांडी घातली.

"उनके दिल में वोच एक काँटा है," त्या म्हणाल्या, आणि मग निम्म्या मराठीत, निम्म्या दखनीत त्यांनी जे सांगितलं ते असं.

सरांच्या आजोबांची एक तलवार घरात होती. फौजेतली, साधी, मुठीला पितळ. दसऱ्याला जिंतूरकरांच्या घरी शस्त्रपूजेला शस्त्र लागे. जिंतूरकरांची आई, तिला सगळे माई म्हणत, तिचा हट्ट की पूजेला खरी तलवार पाहिजे. मास्तरांच्या घरात तलवार कुठली? म्हणून दर दसऱ्याला ती हाश्मींच्या घरून जायची. माई तिला ओलं कुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची, पूजा व्हायची. दुसऱ्या दिवशी जिंतूरकर सर ती स्वच्छ पुसून, तेल लावून परत आणायचे आणि वर माईच्या हातच्या पुरणपोळ्या. अशी कितीतरी वर्षं.

मग पोलिस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. हत्यारं जमा करा अशी दवंडी फिरली. हाश्मी सर निघालेही होते तलवार द्यायला. मग त्यांच्या मनात आलं, दसरा तोंडावर आहे, माईची पूजा मोडेल. दसरा झाला की देऊ.

"मी बोलली, नक्को जी, दे डालो," भाभी म्हणाल्या. "तर मला म्हणतात, माई काय म्हणतील?"

दसऱ्याला तलवार चादरीत गुंडाळून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. त्या वर्षी ती पुसलेली नव्हती. पात्यावर कुंकवाची बोटं तशीच, वाळून काळपट लाल झालेली. जिंतूरकर सर घाईत होते, हातात देऊन निघून गेले. त्याच दुपारी गल्लीत झडती आली. जवान परमुलखातले. तलवार निघाली, पात्यावर लाल डाग. हाश्मी सर सांगत राहिले, कुंकू आहे, पूजेचं आहे. शेरवानीतल्या माणसाच्या घरात कुंकू! कोण ऐकतंय? सर म्हणाले, जिंतूरकर मास्तरांना बोलवा, ते सांगतील. माणूस गेला. परत येऊन म्हणाला, मास्तर घरात नाहीत.

"आणि मग?"

"मग काय? घेऊन गेले," भाभी म्हणाल्या. "आल्यावर एकच रट. दर साली पुसायचा, त्या साली का नाही पुसली? मुद्दाम केलं. त्यानंच झडती पाठवली. त्या म्हातारीनंच शिकवलं असेल. मी बोलते, माई असं करणार नाही. तर माझ्यावर ओरडतात. माईनं पोळ्या पाठवल्या, तशाच परत. गेल्या साली माई गेली, मिट्टीला नाही गेले." भाभींनी डोळे पुसले. "मी पण नाही जाऊ शकली."

मी घरी आले. एक लक्षात आलं. या माणसाला बढती, पगार यातलं काही नको होतं. ती तलवार पूजेला नेली होती, एवढं एक वाक्य जिंतूरकरांनी सगळ्यांसमोर बोलावं, यासाठी तो त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात इतकी वर्षं बसला होता. आणि आता निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते वाक्य राहून गेलं तर तो रझाकार मास्तर म्हणूनच घरी जाणार होता. मला त्या रात्री जिंतूरकरांचा इतका संताप आला की सकाळी ते समोर दिसले तेव्हा मी नमस्कारही केला नाही.

निरोपाचा दिवस आला. सरांनी आधी साफ नाही म्हटलं. "सत्कार कशासाठी? काय हवंय त्यांना?" भाभींनी घरी काय केलं ठाऊक नाही, पण दुपारी दोघंही आले. दारात मला गाठून सरांनी विचारलं, "बोलणार कोण आहे?"

"जिंतूरकर सर."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. परत फिरतील असं वाटलं. भाभींनी शेरवानीची बाही धरली होती.

सभागृह भरलेलं होतं. मुलं, मास्तर, काही पालक. पुढच्या रांगेत त्यांचे जुने विद्यार्थी, काही टक्कल पडलेले. जिंतूरकर सर उठले. हाश्मी सर वक्तशीर, हाश्मी सर शिस्तीचे, असं सुरू झालं. मी चडफडत होते. मग ते थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा थांबले. मुलांत चुळबूळ झाली.

"आमच्या घरात सुरीलासुद्धा धार नव्हती," ते एकदम म्हणाले. "पण दसऱ्याला आईला पूजेला तलवार लागायची. ती हाश्मींच्या घरून यायची. पोलिस ॲक्शनच्या सालीही आली. तिच्यावर जे लाल सापडलं, ते रक्त नव्हतं. ते माझ्या आईनं लावलेलं कुंकू होतं. मला बोलावणं आलं तेव्हा मी घरातच होतो. दाराआड उभा होतो. बायकोला सांगायला लावलं, घरात नाहीत म्हणून. मी भ्यालो होतो."

हेडमास्तर उठायला लागले होते, ते परत बसले.

हाश्मी सर मात्र उठले. आनंद, दुःख, काही नाही. वर्गात नव्या शब्दाकडे बघत तसं त्यांनी जिंतूरकरांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"दर साली पुसून आणायचास. त्या साली काहून नाही पुसली?"

"पुसायला फडकं घेतलं होतं मी," जिंतूरकर म्हणाले. "आईनं हात धरला. म्हणाली, यंदा पुसू नको. दिवस वाईट आहेत. देवीचं कुंकू असू दे त्याच्या घरात. मग त्याच्या घराला हात लावायची कुणाची छाती होणार नाही."

"हे त्याच दिवशी मला काहून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पुसली असतीस. तू नमाजी माणूस. आईनं मला शपथ घातली होती."

'तुम्ही' गेलं होतं आणि 'तू' आलं होतं, ते दोघांनाही कळलं नसावं.

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"आईच्या कुंकवानं तू आत गेलास, हे तिला कसं कळू देणार होतो? तिला सांगितलं, हाश्मी हैदराबादला नोकरीला गेला. तू पोळ्या परत केल्यास तेव्हा सांगितलं, त्यानं गोड सोडलंय. गेली तरी तिला ठाऊक नव्हतं." मग ते खाली बघत म्हणाले, "पण तिच्यावर ढकलत नाही. ती नसती तरी मी बोललो असतो का, मला माहीत नाही."

मी आजूबाजूला पाहिलं. मला 'रक्ताची' म्हणून कानात सांगणारे दोघं आपापल्या पायांकडे बघत होते. मागच्या बाजूला बिराजी उघडपणे रडत होता. उत्तराचं भाषण हाश्मी सरांचं होतं. ते एवढंच म्हणाले, "माझा एक सवाल होता. जवाब मिळाला. मुलांनो, घरी जा." आणि हार टेबलावर ठेवून निघाले.

मला वाटलं होतं, आता या माणसाचं ओझं उतरेल. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या दारात उभे. तोंड ओढलेलं, डोळे सुजलेले.

"बाई, हा खरं बोलला असेल का?"

मला हसावं की रडावं कळेना. "सर, साऱ्या शाळेसमोर बोलले ते. स्वतःची अब्रू घालवून."

"आईचं नाव घेऊन कुणी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मला पटवत होते की स्वतःला, कोण जाणे. "मग मी इतकी वर्षं काय केलं? तिच्या पोळ्या परत केल्या. तिला मी... तुम्हाला भाभीनं सांगितलंच असेल, मी तिला काय काय म्हटलं." मग म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. मला साक्षीदार लागेल."

हे त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन. पुढच्याच आठवड्यात माझी परभणीला बदली झाली आणि त्यानंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही. भाभींना बरोबर घेऊन आम्ही तिघं क्रांती चौकावरून जिंतूरकरांच्या घरी चालत गेलो, पुढं सर, मागं भाभी आणि मी. जिंतूरकरांनी दार उघडलं. हाश्मी सर बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "माई कुठं आहेत?"

मधल्या खोलीत माईचा फोटो होता. नऊवारी, ठसठशीत कुंकू, कॅमेऱ्याकडे जरा रागानं बघणारी बाई. खाली निरांजन लावलेलं. हाश्मी सर फोटोसमोर हात बांधून उभे राहिले. आम्ही मागं. त्यांचे ओठ हलत होते, खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. जिंतूरकर पुढं झाले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे. तिला पोचलं."

"नही पोंचा," मागून भाभी म्हणाल्या. त्याही रडत होत्या, पण आवाज खणखणीत होता. "जोर से बोलो जी. मेरे सामने उनपे शक लिये थे, तब तो आवाज पूरी गली में जाती थी."

हाश्मी सरांनी वळून बायकोकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे वळले, घसा साफ केला आणि बोलले. "माई, मी तुमच्यावर शक घेतला. तो खोटा होता." समोरच्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईनं दचकून मान वर केली, इतक्या मोठ्यानं बोलले.